सायन्स समजत असल्याबाबत

बोरजाई इंग्लिश स्कूलमधल्या मुलांना सायन्स समजते, अशी तक्रार सन १९४४ च्या श्रावणात शाळा समितीपुढे पहिल्यांदा आली. त्याआधी शाळेविषयी तक्रारी येत नव्हत्या असे नाही. छप्पर गळते, घंटा चोरीला गेली, ड्रॉइंगचे मास्तर तासाला झोपतात, अशा किरकोळ तक्रारी येत आणि समिती त्या चहाबरोबर निकालात काढी. ही तक्रार तशी नव्हती. हिच्यात शाळेच्या अब्रूचा प्रश्न होता.

तक्रार खुद्द समितीच्या चेअरमनांची होती. सुभेदार नाथाजी फडतरे हे मागच्या महायुद्धात मेसापोटेमियापर्यंत जाऊन आलेले गृहस्थ. पेन्शनीत आल्यावर त्यांनी आधी ऊस लावला, मग मिशा वाढवल्या आणि शेवटी शाळा काढली. कोरेगावपासून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या बोरजाईत घरटी एक माणूस पलटणीत होता. त्यामुळे गावाला शिस्तीचे कौतुक फार. शाळेत पोरे ओळीत उभी राहतात की नाही हे बघायला म्हातारी माणसे सकाळी मुद्दाम पारावर येऊन बसत.

तर झाले असे. सुभेदार जेवायला बसले होते. त्यांच्या कारभारणीने, हरणाबाईंनी, चुलीवर कढईत तेल तापत ठेवले होते आणि धुतलेल्या मिरच्या ओल्या हातानेच त्यात टाकायला त्या निघाल्या होत्या. इतक्यात इंग्रजी चौथीत, म्हणजे आजच्या आठवीत, शिकणारा त्यांचा मुलगा गुंडा ओरडला, "आये, वल्या हातानं नगं टाकू! पाणी जड असतंय, ते तेलाच्या खाली जातंय. खाली गेलं की त्येची लगीच वाफ हुती, आन् वाफ वर येताना तेलबी घिऊन उडती. म्हणून तडतडतंय."

"व्हय की रं!" हरणाबाई हात मागे घेत म्हणाल्या. "इतकी वर्सं भाजून घेती हाय, पर का भाजतंय ते आज कळलं."

सुभेदारांचा घास हातातच राहिला. "ह्ये कुठं शिकलास?"

"शाळंत, आबा. सायन्सच्या तासाला. शेडगे सरांनी सांगितलं."

"हायस्कुलात फोडणी शिकवत्यात?"

"फोडणी न्हवं आबा, सायन्स."

"सायन्स? मग तुझ्या आईला कसं कळलं?"

सुभेदार पानावरून उठले, हात धुतला आणि समितीची तातडीची बैठक बोलावली.

आकाराम शेडगे हे माणदेशातले. त्यांच्या घराण्यात गणित आजवर मेंढरे मोजण्यापलीकडे गेलेले नव्हते. शेडग्यांनी मात्र पोटाला चिमटा काढून सांगलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली आणि बोरजाईला गणित व सायन्सचे मास्तर म्हणून लागले. नोकरी तूर्त हंगामी होती. तासगावकडच्या जोतिबा पाटलांची मुलगी बनू त्यांनी पाहिली होती. पाहिल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हते. जोतिबा पाटील म्हणाले होते, "पोरगा झ्याक हाय. नोकरी कायम झाल्याचं कळवा, दुसऱ्या दिवशी हळद लावतो." तेव्हा कायम होणे, याखेरीज शेडग्यांना या जगाकडून दुसरे काही नको होते.

शिकवण्याची त्यांची रीत साधी होती. पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, म्हणून ते पुस्तकातले वाक्य एकदा इंग्रजीत वाचत. ते खात्याच्या समाधानासाठी. मग तेच मराठीत सांगत, ते मुलांच्या समाधानासाठी. पोरे शंका विचारत. दौलू नावाचा एक काटकुळा पोरगा तर इतक्या विचारी की तासाची घंटा झालेली कळत नसे. हा सगळा प्रकार गैर आहे, असे शेडग्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. बैठकीचे बोलावणे आले तेव्हा त्यांना वाटले, कायम करतात बहुतेक. म्हणून ते धुतलेला कोट घालून गेले.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "पोरांस्नी सायन्स कळतंय, आसं कानावर आलंय. खरं हाय का?"

शेडगे लाजले. "होय साहेब. तसं बऱ्यापैकी कळतंय."

"सगळ्यांस्नी?"

"एखाददुसरा सोडला तर सगळ्यांना. त्यालाही दिवाळीपर्यंत कळेल."

हेडमास्तर समितीचे चिटणीस होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. समितीचे दुसरे सभासद नानासो गुळाचे व्यापारी होते. त्यांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतले आणि म्हणाले, "आदीच्या मास्तराचं शिकवणं कुणाच्या बाला कळलं न्हाई. भिताडाआडनं नुस्तं ऐकलं तरी छाती दडपायची. त्येला म्हणायचं सायन्स! आता त्यो सातारला मोठ्या शाळंत गेला. जाणारच."

"पण मुलांना कळावं म्हणूनच तर शिकवायचं ना?" शेडगे चाचरत म्हणाले.

"कळायसारखं सांगाया घरी आई-बा हायेत की," सुभेदार म्हणाले. "त्येच्यासाठी हायस्कूल कशाला? मास्तर, तुमी शिकल्यालं हाय, पर तुमी लढाई बघितली न्हाई. माझ्या कंपनीत 'स्टँड ॲट ईज' म्हंजे काय, ह्ये एका जवानाला ठावं न्हवतं. मलाबी न्हवतं. मी त्यो हुकूम सारी नोकरी दिला. एकाचा तरी पाय चुकला का? ज्येला अर्थ कळतोय त्यो इचार करत बसतो, आन् इचार करणाऱ्याचा पाय मागं ऱ्हातो. तुर्काला आमी अर्थ सांगून पळवला न्हाई."

हेडमास्तरांनी ठराव लिहून घेतला: 'इंग्रजी चौथीच्या वर्गात गणित व सायन्स या विषयांचे विद्यार्थ्यांस आकलन होत असल्याचे निदर्शनास आले असून, ही बाब संस्थेच्या दर्जास बाधक आहे. सबब यापुढे सदर विषय सर्वस्वी इंग्रजीत शिकविण्यात यावेत. सायन्सच्या खोलीत मराठी बोलण्यास मनाई असावी. संबंधित शिक्षकांस कायम करण्याचा विचार खात्याच्या तपासणीनंतर व त्यांच्या वर्तनात सुधारणा दिसल्यास करावा.' शेडग्यांनी सही केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांपुढे तासगाव होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हवेचा दाब इंग्रजीत शिकवला. मुलांनी आदराने ऐकून घेतला. मध्येच सवयीप्रमाणे दौलूचा हात वर गेला. शेडगे म्हणाले, "इन इंग्लिश, प्लीज." दौलूने बराच वेळ ओठ हलवून पाहिले आणि हात खाली घेतला. तो हात पुन्हा वर गेला नाही. शेडग्यांना घरी गेल्यावरही तो हात दिसत राहिला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी बनूचा विचार केला आणि लाज जरा मागे सरली.

वर्गात कमालीची शांतता पसरली. समितीने शिस्त सुधारल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पण नुसती शांतता तपासणीला दाखवता येत नाही, हे हेडमास्तरांना अनुभवाने माहीत होते. म्हणून अशी पद्धत बसवण्यात आली की मास्तरांनी एक वाक्य म्हणायचे आणि वर्गाने तेच एका सुरात परत म्हणायचे. हे इतके अंगवळणी पडले की एकदा शेडग्यांना ठसका लागला, तर वर्गाने तोही परत म्हटला.

हा सूर सुभेदारांच्या कानावर गेला आणि त्यांना पलटणीची आठवण झाली. ते रोज शाळेत येऊ लागले. भूमिती ही मुळात मैदानावर करायची गोष्ट आहे, हे त्यांच्या लक्षात यायला आठवडाही लागला नाही. तीन उंच पोरे निवडून त्यांना ए, बी आणि सी अशी नावे देण्यात आली. सुभेदार छडी काखेत मारून गरजत, "लेट एबीसी बी अ ट्रँगल!" की तिघे धावत जाऊन आपापल्या जागी खडे राहत. "प्रूफ! बाय नंबर्स!" म्हटले की बाकीची पोरे बाजू होऊन ताडताड पावले टाकत एका कोनातून दुसऱ्या कोनात जात. शेवटी, सिद्धता संपल्याची खूण म्हणून, सगळी एकदम टाच आपटून ओरडत, "क्यू! ई! डी!" बायका डोक्यावरची घागर सावरत बघत उभ्या राहत.

ही भूमिती फार लोकप्रिय झाली. बीला हिवताप आला तेव्हा पायथागोरसचा सिद्धांत त्याला उतार पडेपर्यंत तहकूब ठेवावा लागला. गावाला चुटपुट लागली. दसऱ्याच्या जत्रेत कुस्त्यांच्या आधी आखाड्यात हलगीवर सिद्धांत करून दाखवण्यात आला आणि नानासोंनी खूश होऊन कर्णाला फेटा बांधला. कर्ण म्हणजे काय, हे कुणी विचारले नाही. काटकोनासमोरून मिशा पिळत चालत जाणारे पोरगे तो कर्ण, एवढे गावाने आपले आपण ठरवले होते.

शेडगे हे सगळे बघत. कुणी विचारले तर म्हणत, "छान आहे." एकदा त्यांनी धीर करून सुभेदारांना सुचवले की, दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे नेमके काय, हे एकदा मराठीत सांगितले तर पोरे आणखी उत्साहाने चालतील. सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तपासणी जवळ आली. कळण्याच्या भानगडीत आता पडू नगा."

तपासणी दिवाळीनंतर ठरली. साताऱ्याहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. मैदानावर पायथागोरस होणारच होता. पण सायन्सचेही काहीतरी दाखवावे, असे हेडमास्तरांचे म्हणणे पडले. शेडग्यांनी सोपा प्रयोग निवडला: तीव्र ॲसिड पातळ करणे. मोठ्या काचेच्या भांड्यात पाणी घ्यायचे, त्यात ॲसिड थेंबाथेंबाने, ढवळत ढवळत सोडायचे. उलटे करायचे नाही. पाणी ॲसिडवर पडले तर तापून उसळते आणि अंगावर उडते. पुस्तकात त्याची सूचना होती: "नेव्हर पोअर वॉटर इन्टू ॲसिड." ती वर्गाकडून इतकी घोटून घेण्यात आली की गावातली शेंबडी पोरेही गोट्या खेळताना ती म्हणू लागली.

ही सूचना सांगताना शेडग्यांच्या जिभेवर दर वेळी एकच मराठी वाक्य येई: तापल्या तेलात पाणी पडल्यावर होतं ना, तसं. तेवढे एक वाक्य पुरे होते. ते दर वेळी गिळून टाकत.

वॉटर म्हणजे पाणी हे गुंडाला ठाऊक नव्हते असे समजू नये. ठाऊक होते; पण इंग्रजीच्या तासाला. सायन्सच्या तासाला शब्दांना अर्थ असतो, अशी वर्गात कुणाची समजूत राहिलेली नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी शेडगे साहेबांना आणायला कोरेगावला गेले आणि रंगीत तालीम सुभेदारांनी आपल्या हाती घेतली. सायन्सची खोली म्हणजे नानासोंचे जुने गुळाचे गोदाम. तिथे मराठीला बंदी होती. फक्त चेअरमनांना, आणि ते विचारतील त्याला, ती लागू नव्हती. ॲसिड महाग, म्हणून तालमीला दोन्ही भांड्यांत विहिरीचेच पाणी भरले होते. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे गुंडाने ॲसिडचे भांडे उचलले आणि तो पाण्याच्या भांड्याकडे निघाला.

"ॲज यू वेअर!" सुभेदार कडाडले, तसा गुंडा होता तिथे परत गेला. "ह्या दोघांत मोठं कोण?"

गुंडा गोंधळला. "ॲसिड, आबा. त्येला कुलपात ठेवत्यात."

"आन् पाणी?"

"त्ये रांजणात असतंय."

"मग साहेब उठून शिपायाकडं जातो व्हय रं? साहेब जागच्या जागी ऱ्हातो. शिपाई म्होरं येतो. साऱ्या पलटणीत मी ह्येच बघितलं. मास्तर मेंढरामागनं आल्यालं, त्येस्नी ह्यातलं काय ठावं!"

दौलू मागच्या रांगेत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. त्याने तोंडही उघडले. पण खोलीत मराठीला बंदी होती आणि इंग्रजीत शंका जुळेना. मग त्याने तोंड मिटले. अंधार पडेपर्यंत तालीम चालली. ॲसिड जागच्या जागी, पाणी पुढे. आणि वरून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे, नेव्हर पोअर वॉटर इन्टू ॲसिड. काहीही उसळले नाही. विहिरीचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळले आणि सुभेदार समाधानाने घरी गेले.

साहेब आले. गोरटेले, मऊ बोलणारे, नवा करडा कोट घातलेले. मैदानावर पायथागोरस झाला. क्यू ई डीच्या वेळी इतकी धूळ उडाली की साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि तो तसाच ठेवून "व्हेरी स्मार्ट" असे दोनदा म्हटले. मग मंडळी गोदामात आली. कुलपातले खरे ॲसिड बाहेर काढून मांडण्यात आले. शेडगे साहेबांच्या उजव्या हाताला उभे राहिले. तपासणीनंतर संध्याकाळी समितीची बैठक होती. त्यांचा कोट पुन्हा धुतलेला होता.

"बिगिन," हेडमास्तर म्हणाले.

गुंडाने पाण्याचे भांडे उचलले.

शेडग्यांना वाटले, पोरगे ते जरा पुढे सरकवून ठेवणार. पण गुंडा भांडे छातीशी धरून, पाय आपटत, ॲसिडच्या दिशेने निघाला. वर्गाने सूर धरला, "नेव्हर पोअर वॉटर—"

गुंडा टेबलाशी पोचायला आणखी काही पावले होती. 'गुंड्या, थांब! मागं सर!' एवढे म्हटले असते तर पोरगे जागीच थिजले असते. ते शब्द शेडग्यांच्या तोंडात आलेले होते. पण खोलीत मराठीला बंदी होती, डाव्या हाताला साहेब उभे होते, समोर सुभेदार होते आणि या सगळ्यांच्या मागे, तासगावात, हळद वाटायची थांबली होती. शेडग्यांनी ते शब्द गिळले आणि इंग्रजीत ओरडले, "गुंडा, डू नॉट! डू नॉट!"

"डू नॉट! डू नॉट!" वर्गाने एका सुरात परत म्हटले.

गुंडाने पाणी ओतले.

मग शेडगे झेपावले. "अरं मागं सर लेकरा!" ते ओरडले, पण तोवर ॲसिड फसफसून उसळले होते. शेडग्यांचा डावा हात मध्ये आला म्हणून गुंडाचा चेहरा वाचला. दंडापासून मनगटापर्यंत त्याच्या हातावर मात्र थेंब उडाले आणि पोरगे गुरासारखे ओरडले. साहेबांच्या करड्या कोटाला भोके पडली. सुभेदारांच्या फेट्यातून धूर निघाला. आणि या सगळ्या धांदलीत, कुणी थांबा असा हुकूम न दिल्यामुळे, मागच्या रांगा एकसारख्या म्हणत होत्या, "नेव्हर पोअर वॉटर इन्टू ॲसिड. नेव्हर पोअर वॉटर इन्टू ॲसिड." शेडग्यांनी गुंडाला उचलून बाहेर रांजणाशी नेले आणि त्याच्या हातावर तांब्यामागून तांबे ओतत राहिले. स्वतःचा हात त्यांना नंतर आठवला.

साहेबांचा अहवाल यथावकाश आला. त्यातला सायन्सविषयीचा भाग हेडमास्तरांनी समितीत मोठ्याने वाचला: 'प्रयोगाच्या वेळी किरकोळ अपघात घडला. तथापि अशा प्रसंगीही विद्यार्थ्यांनी सुरक्षिततेचा नियम अखंड व स्पष्ट उच्चारात म्हटला, हे विशेष कौतुकास्पद आहे. प्रयोगामुळे पठणात व्यत्यय येत असल्याने यापुढे प्रयोग बंद करावेत. शिक्षकाने एक वाक्य मातृभाषेत उच्चारले. प्रसंग पाहता ते माफ करण्यास हरकत नाही.' सुभेदारांनी तिथल्या तिथे शेडग्यांना कायम केले.

कायम झालेले शेडगे, हात बांधलेला, गुंडाला बघायला गेले. पोरगे पडवीत बसले होते. हरणाबाई त्याच्या हातावर खोबरेल लावत होत्या. इथे मराठीला बंदी नव्हती. तेव्हा शेडग्यांनी खाली मान घालून काय झाले ते सांगितले: ॲसिड जड, पाणी हलके, पाणी वरच्या वर तापून उसळते.

"म्हंजे तेलात पाणी पडल्यागत?" गुंडाने विचारले.

"तसंच."

गुंडाने हाताकडे बघितले, मग सरांकडे. "मग सर, तेवढं आदीच सांगायचं न्हाई का?"

शेडग्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते चहा न घेता उठले. त्यांनी मनाशी ठरवले की, आता कायम झालो आहोत, आता सगळे मराठीतच सांगायचे. कोण काय करणार आहे? लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झाले. मग म्हणाले, पगारवाढ होऊ दे. तीही झाली. बघता बघता ठरवलेले विसरून गेले.

पुढे स्वराज्य आले. त्यामागोमाग हुकूम आला की, यापुढे गणित व सायन्स मातृभाषेत शिकवावे. बोरजाईत सुतक पडले. समितीच्या बैठकीत कुणी चहाला हात लावीना.

"म्हंजे आता कुणालाबी कळणार," नानासो खिन्नपणे म्हणाले. "गड्यामाणसालाबी."

"ह्याच्यासाठी लढलो व्हय रं आमी?" सुभेदार म्हणाले. ते इंग्रजांच्या बाजूने लढले होते, ही गोष्ट त्या वेळी कुणाला काढावीशी वाटली नाही.

तेवढ्यात नवे पाठ्यपुस्तक आले. हेडमास्तरांनी ते शेडग्यांपुढे सरकवले. शेडग्यांच्या हाताने आपोआप ॲसिड पातळ करण्याचेच पान उघडले. त्यांनी खडा आवाज लावून वाचले, "संपृक्ताम्लाधिकरणी जलावपातन सर्वथा निषिद्ध असून, जलाधिकरणी अम्लावतारणच मंदधारया विहित होय."

बैठकीत शांतता पसरली. ती सुभेदारांच्या ओळखीची होती. ते सावरून बसले. "नानासो, काय कळलं?"

"काय न्हाई."

"हेडमास्तर, तुमास्नी?"

"खरं सांगायचं तर नाही."

सुभेदारांनी दारात उभ्या असलेल्या गुंडाला हाक मारली. तो आता इंग्रजी सातवीत, म्हणजे मॅट्रिकला होता आणि पलटणीत जाणार होता. "तुला रं?"

"न्हाई, आबा."

सुभेदारांच्या मिशा पुन्हा वर गेल्या. त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. "मग हरकत न्हाई. स्वराज्य आलं म्हणून दर्जा घसरल्याला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून वर्गाने जलावपातनाचा सूर धरला. हलगीवर तर तो इंग्रजीपेक्षाही छान बसला.

शेडग्यांचा लौकिक वाढत गेला. सायन्सचे जुने, अनुभवी आणि खात्याने प्रशंसिलेले शिक्षक म्हणून त्यांच्याकडे नवी पुस्तके अभिप्रायासाठी येऊ लागली. एकदा पाटणकडच्या कुण्या मास्तरने लिहिलेले एक लहानसे पुस्तक आले. संध्याकाळची वेळ होती. बनू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. शेडगे पाटावर बसून पुस्तक चाळू लागले आणि चाळता चाळता वाचू लागले. हवा, पाणी, उष्णता, सगळे त्यात घरच्यासारखे आले होते. किती दिवसांनी ते असे हसत हसत वाचत होते. एका पानावर लिहिले होते: 'तापल्या तेलात पाण्याचा शिंतोडा पडला तर काय होते, ते आईला विचारा. ॲसिडात पाणी टाकले तर तेच होते, फार वाईट रीतीने होते. म्हणून पाण्यात ॲसिड टाकावे, हळूहळू. ॲसिडात पाणी कधीच टाकू नये.'

त्यांनी ते मोठ्याने वाचले. डाव्या हाताची कातडी जिथे आवळून पांढरी पडली होती, तिथे त्यांना खाजल्यासारखे झाले.

बनू मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आवं, ह्ये सायन्स हाय? मलाबी कळलं की!"

शेडग्यांचे हसू मावळले. त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून तपासले. पुस्तकात एकही चूक नव्हती. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि पहिल्या पानावर वळणदार अक्षरात शेरा लिहिला: 'पुस्तक समजते. सबब नामंजूर.'

आणि वाचकहो, तुम्ही एवढे हसू नका. परवा तुमच्या धाकट्याने शाळेतून येऊन पाहुण्यांपुढे काहीतरी घडाघडा म्हणून दाखवले. त्यातले अक्षर तुम्हाला कळले नाही. त्यालाही कळले नव्हते. तुम्ही त्याच्या हातावर पेढा ठेवलात.